वर ‘हार्डवेअर’, आत थिनर

दिवाळीच्या तोंडावर इंदूरहून पुण्या-नाशिककडे निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या डिक्क्या खोक्यांनी भरून जातात. शेव जाते, साड्या जातात, आणि त्यांच्याच शेजारी जाऊ नयेत अशाही काही वस्तू जातात. मी इंदूरजवळच्या पीथमपूरला रसायनांच्या डिस्पॅचमध्ये बरीच वर्षं काढली. या वेळची वाचकांची पत्रं वाचताना दोन ठिकाणी छातीत धस्स झालं, म्हणून आधी तीच घेतो.

नातू पुण्यात असतो. इथून फुलबाज्या आणि भुईनळे ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर बसनं पाठवते. चालतं ना? (रामबाग)

नाही काकू, चालत नाही. फुलबाजीला आपण फटाकाच मानत नाही, मुलांच्या हातात देतो. पण तिच्या ठिणगीचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि कायद्यानं तीसुद्धा स्फोटकांतच मोडते. टपाल खातं घेत नाही, कुरिअरवाले घेत नाहीत. रेल्वेत असा माल चोरून नेला तर रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय स्लीपर बसमध्ये डिक्कीच्या वरच माणसं झोपलेली असतात. ड्रायव्हर ओळखीचा असला, तरी डिक्कीत काय तापतंय ते त्यालाही दिसत नाही. नातवाला पैसे पाठवा, तो तिथेच घेईल.

माझं सियागंजला दुकान आहे. खंडवा, बऱ्हाणपूरला थिनर आणि पॉलिशचे डबे पाठवतो. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) खरं लिहिलं तर ट्रान्सपोर्टवाला माल घेत नाही, म्हणून सगळेच ‘हार्डवेअर’ लिहितात. यात मोठंसं काय बिघडतं?

तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळच सांगतो.

एकदा आमच्या गोदामात एक खोकं उतरलं. बिल्टीवर ‘स्पेअर पार्ट’. तळाचा पुठ्ठा मऊ पडलेला, कडेला पिवळट ओल. हमालानं ते खांद्यावर घेतलं तेव्हा त्याच्या कानामागे विडी होती आणि खिशात काडेपेटी. सदरा भिजला आणि वास आला, म्हणून त्यानं ते खाली ठेवलं. उघडून पाहिलं तर थिनरच्या डब्याचं झाकण सैल झालेलं. विडी अर्ध्या तासापूर्वी ओढायची की नंतर, एवढ्यावरच सगळं अवलंबून होतं. बिल्टीवर ‘थिनर’ असतं तर त्यानं ते खोकं तसं उचललंच नसतं.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरत लांबवर जाते, आणि ठिणगी कुठेही पडली तरी आग मागे डब्यापर्यंत येते. आणि कागदावर चुकीचं लिहिलं की काय होतं ते पाहा: ११ मे १९९६ ला मायामीहून उडालेल्या व्हॅल्यूजेट कंपनीच्या विमानात ऑक्सिजन तयार करणाऱ्या नळकांड्यांची खोकी होती. कागदावर त्यांच्यापुढे ‘रिकामी’ असं लिहिलं होतं. ती रिकामी नव्हती. विमानात आग लागली आणि ११० माणसं गेली.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १३१ वा नियम सांगतो, की माल धोकादायक असेल तर त्याची पूर्ण माहिती वाहतूकदाराला देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणजे ‘हार्डवेअर’ लिहून तुम्ही सुटत नाही, उलट अडकता. धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेतलेले ड्रायव्हर ठेवणारा वाहतूकदार शोधा. पीथमपूरचे कारखाने रोज असाच माल पाठवतात, तेव्हा तो मिळतो. भाडं जास्त पडेल, ते दरात धरा.

पॅकिंगचं म्हणाल तर, सुटं थिनर भरत असाल तर डबा काठोकाठ भरू नका, उन्हात ते फुगतं. प्रत्येक डबा जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मध्ये वर्मिक्युलाइटसारखं न जळणारं भरण घाला, लाकडाचा भुसा नको. खोक्यावर ज्वालेचं चित्र असलेला लाल चौकोन टोकावर उभा लावा, प्रत्येक बाजू १० सेंटीमीटर. शेजारी ‘यूएन १२६३’ हा रंग-थिनरचा क्रमांक, आणि समोरासमोरच्या दोन बाजूंवर वर दाखवणारे बाण.

मुलीची स्कूटर रेल्वे पार्सलनं पुण्याला पाठवायची आहे. पेट्रोल खरंच सगळं काढावं लागतं का? (सुदामानगर)

हो, सगळं. आदल्या दिवशी उघड्यावर, दिवा-शेगडीपासून लांब काढा. मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे नळीतलंही संपेल. मात्र रिकाम्या टाकीतही वाफ असते, तेव्हा आत डोकावायला काडी पेटवू नका. आरसी आणि ओळखपत्राची प्रत जवळ असू द्या.

मोबाइलची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय. मुंबईला दुरुस्तीसाठी कुरिअर करू का? आणि भाच्याची पॉवर बँक बेंगळुरूला पाठवायचीय.

फुगलेली बॅटरी पाठवू नका, कशानंच नाही. आतले थर वेगळे ठेवणारा पातळ पडदा कमजोर झालेला असतो. खोक्यावर खोकं पडलं, दाब आला, की आतल्या आत शॉर्ट होतो आणि मग ती स्वतःच्याच उष्णतेनं पेटते. चार्जिंग बंद करा, टोचू-दाबू नका, आणि इंदूरमधल्याच सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.

पॉवर बँक धड असली तरी वाहतुकीच्या नियमात ती नुसती बॅटरीच धरतात, आणि नुसती लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. सरफेसनं, म्हणजे रस्त्यानं, पाठवा. काउंटरवर आत काय आहे ते सांगा आणि ती घेतात का ते विचारा. भाचा स्वतः येणार असेल तर सगळ्यात बरं: १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत नेता येते, चेक-इनच्या बॅगेत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची भरते.

सेंटची बाटली आणि डिओचा डबा?

सेंटमध्ये अल्कोहोल असतं आणि डिओत सहसा दाबानं भरलेला ज्वालाग्राही वायू. दोन्हींचं नाव सांगून, सरफेसनं.