हॉलिवूडची जुनी नटी मर्ल ओबेरॉन खरंच मुंबईची होती का?

हो, अगदी खरं. १९११ मध्ये मुंबईतच जन्म, अँग्लो-इंडियन घर, पुढे लहानपणीच कलकत्त्याला गेली. पण हॉलिवूडमध्ये ती आयुष्यभर सांगत राहिली की आपण टास्मानियात जन्मलो आणि जन्माची कागदपत्रं आगीत जळाली वगैरे! आज हे ऐकून हसू येतं पण त्या काळात तिथे स्टुडिओंचे नियम असे होते की गोऱ्या आणि गोऱ्या नसलेल्यांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायलाच बंदी, मग हिरोईनचं काम मिळणार कसं, म्हणून खोटं बोलली. जिला ती आई मानायची ती शार्लट खरं तर तिची आजी होती, आणि लंडनमध्ये लोक आले की तिला मोलकरीण म्हणून ओळख करून द्यायची म्हणे. हे मात्र मला फार वाईट वाटतं.

करिअर विचाराल तर चित्रपट निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने तिला मोठं केलं, पुढे १९३९ मध्ये त्याच्याशीच लग्न केलं. 'द डार्क एंजल' साठी ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, नंतर लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर 'वदरिंग हाइट्स' केला, तो नक्की बघा. १९३७ च्या कार अॅक्सिडेंटमध्ये चेहऱ्याला जखमा झाल्या, तर कॅमेरामन ल्युसियन बॅलार्डने व्रण दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्याला लावायचा खास लाइट बनवला, त्याला 'ओबी' म्हणतात, आणि नंतर तिने त्याच्याशीही लग्न केलं 😄 १९७९ मध्ये गेली, मुंबईचं खरं लोकांना त्यानंतरच नीट कळलं.