उपाहारगृहातील सेवाशुल्क सक्तीचे आहे का?

प्रश्न : लातूरच्या एका उपाहारगृहात आंबलेली पनीरची भाजी आम्ही पहिल्याच घासाला परत पाठवली, तरी ती बिलात लावली गेली, वर १० टक्के सेवाशुल्कही घेतले. हरकत घेताच मालक अंगावर आले. पैसे परत मिळतील का?

उत्तर : अवश्य मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क बिलात परस्पर लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना उचलून धरल्या आहेत. बिल नीट पाहा. सेवाशुल्क धरून जीएसटी आकारला असेल, तर तो फरकही मागता येईल. आंबलेल्या भाजीचे पैसे घेणे तर सरळसरळ अन्यायाचे आहे. आधी लेखी मागणी करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा.