वजन वाढलं की भूक पण वाढते आणि शुगर पण, असं का?

जेवून तासाभरात परत भूक लागालीय, वजन वाढलंय आणि शुगर पण वर चाललीय, ह्या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे काय असं विचारलंय तुम्ही. आहे, आणि ह्यात तुमचं मन कमकुवत आहे असं काही नाही हे आधी सांगतो.

चरबीच्या पेशीतनं लेप्टिन सुटतं, हे हॉर्मोन 1994 ला सापडलं, मेंदूला "बस झालं आता" सांगायचं काम त्याचं. लठ्ठपणात ते कमी नसतं, उलट भरपूर असतं, पण मेंदू ऐकेनासा होतो. घ्रेलिन पोटातनं येतं, भूक लावतं, जेवल्यावर ते खाली यायला पाहिजे पण वजन जास्त असलं की तेवढं येत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते जीएलपी-1, हे आतड्यातलं हॉर्मोन. अन्न आतड्यात आलं की सुटतं, शुगर वर असली की इन्सुलिन वाढवतं, ग्लुकागॉन (लिव्हरला साखर सोडायला लावणारं हॉर्मोन) दाबतं म्हणजे लिव्हर उगाच साखर सोडत बसत नाही, आणि पोट पण हळू रिकामं होतं. सेमाग्लुटाइड ह्या शुगर-वजनाच्या औषधाची इंजेक्शनं ह्याचीच नक्कल करतात, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

आपल्या बेळगाव-खानापूरकडं लग्नात पानावर पहिला कुंदा (खव्यासारखी दुधाची मिठाई) आणि मग भाताचा ढीग, घरी तरी हे उलटं करा, आधी पालेभाजी, मटकीची उसळ, मग जोंधळ्याची भाकरी, भात शेवटी दोन घास. जेवणानंतरची शुगर कमी उसळते. झोप पण पुरी घ्या, जागरणानं भूक वाढते. आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, केली नसेल तर ह्या आठवड्यात करून घ्या.