वेल्डिंगचा रॉड: पावसाळ्यात येणारे तेच ते प्रश्न

पाऊस लागला की हेच प्रश्न येऊन राहतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न: कूलरच्या स्टँडला २५ बाय ३ एमएमचा अँगल आहे. कोणता रॉड घेऊ?
उत्तर: ६०१३ नंबरचा साधा रॉड, अडीच एमएम, ७० ते ८० अँपिअर. बस.

प्रश्न: घरच्या छोट्या मशीनवर ६०१३ मस्त चालतो पण ७०१८ (कमी हायड्रोजनवाला रॉड) चिकटतो. दुकानदार म्हणतो मशीन बदला.
उत्तर: त्याला मशीन विकायचीच आहे. एसीवर बऱ्याच ७०१८ ना ७० व्होल्टच्या आसपास ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क पेटण्याआधी मशीन देते ते) लागतं, छोटा ट्रान्सफॉर्मर तेवढं देत नाही. इन्व्हर्टरवाली वेल्डिंग मशीन असेल तर होल्डर प्लसला लावा, आर्क (रॉडचं टोक आणि लोखंडामधली ज्योत) एकदम लहान धरा. पाकिटावर एसी की डीसी लिहिलेलं असते, ते वाचत जा न बावा.

प्रश्न: बुटीबोरीच्या शेडमध्ये ७०१८ चं फुटलेलं पाकीट पावसात उघडं राहिलं. मिस्त्री म्हणतो उन्हात ठेव, नाहीतर प्लेटला चिकटवून लाल कर. जोडायचा आहे ट्रॉलीचा हूक.
उत्तर: दोन्ही नको. ७०१८ घेतो कशासाठी, तर हायड्रोजन कमी म्हणून, आणि कोटिंगनं ओल धरली की तोच हायड्रोजन जोडात शिरतो, मग जाड किंवा कडक पोलादात टाक्याच्या बाजूला आतून तडा जातो, तोही लगेच नाही, कधी दोन दिवसांनी, तोवर तुम्ही ग्राइंड करून रंग मारून मोकळे. उन्हात ही ओल जात नाही, साधारण ३०० ते ३५० डिग्रीला तास-दोन तास ओव्हनमध्ये बेक करावं लागते, नक्की आकडा पाकिटावरचाच धरा. चिकटवून तापवलं तर कोटिंगच तडकते. आणि पाण्यात चिंब भिजले असतील तर बेक पण नका करू, फेकून द्या. काही दुकानदार बरणीतून सुटे ७०१८ देतात, बॅच नंबर नाही, काही नाही, स्वस्त म्हणून लोक घेऊन पण राहिले! हूकवर टनानं लोड येणार, त्यामुळे आधी एखाद्या चांगल्या वेल्डिंग इन्स्पेक्टरला दाखवा.

प्रश्न: पंपाचं बीडाचं (कास्ट आयर्नचं) केसिंग फुटलं. ६०१३ चालेल?
उत्तर: नाही. निकेल रॉड, इंच-इंचाचे टाके. प्रेशरचं काम असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न: जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाईपचं गेट जोडलं, रात्री थंडी वाजून ताप आला. दूध पिल्यानं उतरते म्हणतात?
उत्तर: दुधानं काही होत नाही, तो जस्ताचा धूर आहे. पुढच्या वेळी जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, मास्क लावा, हवेशीर जागी बसा. ताप बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतो, पण दम लागत असेल तर वाट पाहत काहून बसता, आजच डॉक्टरकडे जा.