काढा, चूर्ण की कॅप्सूल? यकृताच्या वनौषधींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ४६, वजन ८० किलो. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, एसजीपीटी (रक्तातलं यकृताचं एन्झाइम) ७८ आहे. मिल्क थिसल ही वनौषधी सुरू करायची आहे. आणलेल्या बाटलीवर '५०० मिग्रॅ' लिहिलं आहे. रोज एक पुरेल का?

हे ५०० नेमके कशाचे, ते आधी पाहा. बाटली फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मिल्क थिसलच्या बीमधलं कामाचं द्रव्य म्हणजे सिलिमरीन. सुक्या बीमध्ये ते जेमतेम दीड ते तीन टक्के असतं. तुमच्या कॅप्सूलमध्ये नुसतं बियांचं चूर्ण असेल, तर एका कॅप्सूलमधून साडेसात ते पंधरा मिग्रॅ सिलिमरीन मिळेल. याउलट 'अर्क १७५ मिग्रॅ, सिलिमरीन ८०%' असं लिहिलेल्या लहानशा कॅप्सूलमध्ये ते १४० मिग्रॅ असतं. १४० मिग्रॅ दिवसातून तीनदा, म्हणजे एकूण ४२०, हा अभ्यासांत वारंवार वापरलेला डोस आहे. चूर्णाच्या कॅप्सूलमधून तेवढं मिळवायला रोज किमान अठ्ठावीस गिळाव्या लागतील. टक्केवारी छापलेली नसेल तर ती बाटली घेऊच नका.

बिया उकळून चहा करण्यातही अर्थ नाही. सिलिमरीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते चोथ्यातच राहतं आणि तुम्ही पाणी पिता. कॅप्सूल जेवणासोबत घ्या. सुरुवातीला पोट थोडं सैल होऊ शकतं. शेवंती, डेझी या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर मिल्क थिसल टाळा, कारण तेही त्याच कुळातलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर थोडी जास्त उतरू शकते, तेव्हा पहिले काही आठवडे ती मोजत राहा. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आता अपेक्षा किती ठेवायची? काही अभ्यासांत एसजीपीटी थोडं खाली आलं, काहींत नाही. हेपटायटिस सी असलेल्या रुग्णांना नेहमीपेक्षा बराच मोठा डोस देऊन केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिलिमरीन आणि खोटी गोळी यांत फरक पडला नाही. फॅटी लिव्हरवर खात्रीने काम करतं ते वजन उतरणं. तुमच्या बाबतीत चार किलो उतरले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, सहा ते आठ किलो उतरले की सूजही ओसरू लागते. सिलिमरीन घ्यायचंच असेल तर याच्या जोडीला घ्या, याच्या ऐवजी नको.

आणि मोजा. आज एसजीपीटी, एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम), बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य). बारा आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तेच. तपासणीआधी चार-पाच दिवस जड व्यायाम नको. स्नायूंना ताण पडला की एसजीपीटी आणि एसजीओटी ही दोन्ही एन्झाइम्स तिथूनही रक्तात येतात आणि दोष यकृतावर जातो. बारा आठवड्यांत आकडा हलला नाही तर कॅप्सूल बंद करा.

प्रश्न : भाच्याला कावीळ झाली आहे. भुईआवळ्याचा रस आठ दिवस दिला की ती उतरते असं सगळेच सांगतात. द्यावा का?

उतरते हे खरं, पण बहुतेकदा कशाने उतरते ते समजून घ्या. तरुण वयातली पुष्कळशी कावीळ हेपटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते आणि ती काही आठवड्यांत आपोआप बरी होते. डोळे पिवळे झाले म्हणून धावाधाव करून रस आणेपर्यंत आजार अनेकदा उताराला लागलेला असतो. श्रेय रसाला मिळतं.

भुईआवळ्याला आधार अगदीच नाही असं नाही. १९८८ मध्ये तेव्हाच्या मद्रासमधल्या संशोधकांनी हेपटायटिस बीच्या वाहकांना त्याचं चूर्ण २०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, महिनाभर दिलं आणि ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेल्याचं प्रसिद्ध केलं. त्या निष्कर्षाने जगभर उत्सुकता निर्माण झाली. पुढे इतरत्र केलेल्या चाचण्यांत मात्र तो परिणाम पुन्हा दिसला नाही.

रसापेक्षा निदान तातडीचं आहे. हेपटायटिस ए आणि ई यांची आयजीएम चाचणी (ताज्या संसर्गाची खूण), एचबीएसएजी (हेपटायटिस बीची चाचणी), हेपटायटिस सीची चाचणी, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. शौचाचा रंग मातीसारखा फिका, लघवी गडद आणि अंगाला खाज असेल तर पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकलेली असू शकते; तिथे कोणतीही वनस्पती वाट मोकळी करत नाही. असंबद्ध बोलणं, दिवसा गुंगी, हिरड्यांतून रक्त, सतत उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. घरात गरोदर बाईला कावीळ झाली तर थांबूच नका. शेवटच्या तिमाहीतला हेपटायटिस ई जिवावर बेततो.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी तीन महिने हळदीच्या कॅप्सूल आणि सकाळी गुळवेलीचा काढा घेते आहे. आधी एसजीपीटी ३४ होतं, आता ४१२ आलं. दोन्ही तर यकृताला चांगलं ना?

दोन्ही आजच बंद करा आणि ही बाटली व काढ्याचं साहित्य घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. डोळे पिवळे दिसत असतील तर आजच.

डब्यातली हळद आणि कॅप्सूलमधली 'हळद' यांत फार अंतर आहे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हे तिचं कामाचं द्रव्य सुमारे तीन टक्के असतं आणि त्यातलंही फारच थोडं रक्तात उतरतं. ५०० मिग्रॅच्या ९५ टक्के अर्काच्या दोन कॅप्सूल म्हणजे ९५० मिग्रॅ कर्क्युमिन, अंदाजे तीस ग्रॅम हळदीएवढं. त्यात बऱ्याचदा मिरीतलं पिपरिन घातलेलं असतं. १९९८ च्या एका छोट्या अभ्यासात २० मिग्रॅ पिपरिनने कर्क्युमिनचं रक्तातलं प्रमाण सुमारे वीसपट वाढवलं होतं. हे होतं कारण बाहेरचं द्रव्य निकामी करून टाकण्याची आतड्याची आणि यकृताची यंत्रणाच पिपरिन मंद करतं. सोबत घेतलेल्या इतर गोळ्यांचंही प्रमाण त्यामुळे चढू शकतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००४ ते २०२२ या काळात हळदीमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, आणि एकाचा मृत्यू झाला. म्हणूनच शेजारणीला काही होत नाही आणि तुम्हाला होतं.

गुळवेलीचंही तसंच. ती रोगप्रतिकारशक्तीला चाळवते, आणि ज्यांच्यात ती शक्ती आधीच स्वतःच्या अवयवांवर उलटण्याच्या बेतात असते, त्यांचं यकृत सुजू शकतं. २०२१ मध्ये मुंबईतून असे रुग्ण नोंदले गेले, पुढे देशातल्या इतर केंद्रांतूनही. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, सोरायसिस किंवा आमवात असेल तर डॉक्टरांना ठळकपणे सांगा. शक्ती स्वतःवर उलटली आहे का ते पाहायला एएनए आणि आयजीजी या रक्ताच्या तपासण्या सांगितल्या जातील. औषध थांबवल्यावर आकडे सहसा आठवड्यांत उतरू लागतात. दर आठवड्याला तपासून खात्री करा. उतरले म्हणून 'बघू तरी' म्हणत पुन्हा सुरू करू नका, कारण दुसऱ्यांदा होणारी इजा अनेकदा लवकर आणि जास्त जोरात होते.

आणि हो, रोजच्या स्वयंपाकातली हळद सोडायची गरज नाही.

प्रश्न : वडिलांना रक्तदाबाची आणि लघवीची गोळी चालू आहे. ते 'लिव्हर टॉनिक' घेतात. काही अडचण?

घटकांच्या यादीत ज्येष्ठमध आहे का पाहा. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घालवतात. दोन्ही एकत्र आले की पायांत गोळे येणं, अशक्तपणा, हृदयाचे ठोके चुकणं असं होऊ शकतं. ज्येष्ठमध असेल तर टॉनिक थांबवा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासा. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबून पाहा. खड्डा पडला आणि लवकर भरला नाही, तर ते डॉक्टरांना सांगा. यादीत भस्म किंवा 'रस' या शब्दाने संपणारं नाव दिसलं, तर शिसं आणि पाऱ्याची तपासणी केल्याचा अहवाल मागा. अहवाल मिळत नसेल तर ती बाटली परत करा.