अर्ध्या वाटेवर थबकलेल्या मित्रास

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जर्मन शिकायला लागलास तेव्हा तू रोज दोन-दोन तास वही घेऊन बसत होतास, पळण्याचा सरावही नेमाने चालला होता, आणि आता चार-पाच महिन्यांनी दोन्ही गोष्टी रेंगाळल्या आहेत. पूर्वीचा उत्साह परत कसा आणावा, असे तू विचारले आहेस. उत्तर देण्याआधी या प्रश्नात तू जे गृहीत धरले आहेस ते तपासून पाहावे असे मला वाटते. आधी उत्साह आणि मागाहून काम, असा क्रम तू मनात धरला आहेस. पहिल्या पंधरवड्यापुरता तो बरोबर असतो, कारण तेव्हा नवेपणाच माणसाला ओढून नेत असतो. पुढे मात्र तो उलटतो: काम होते, ते थोडे सरकलेले डोळ्यांना दिसते, आणि त्या दिसण्यातून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावेसे वाटते. तुझे काम, तुझ्याच पत्रावरून पाहता, अजून पूर्ण थांबलेले नाही. ते सरकताना तुला दिसेनासे झाले आहे. त्यामुळे या प्रकरणात मी दोष द्यायचाच झाला तर तुझ्या हिशेब ठेवण्याच्या पद्धतीला देईन, तुझ्या स्वभावाला देणार नाही.

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी सात कंपन्यांमधील २३८ जणांकडून त्यांच्या कामाच्या रोजच्या नोंदी लिहून घेतल्या होत्या. अशा सुमारे १२,००० नोंदी जमल्या. चांगला गेलेला दिवस नेमका कशामुळे चांगला गेला याचा त्यांनी शोध घेतला, तेव्हा 'आज काम पुढे गेले' ही साधी गोष्ट इतर सगळ्या कारणांच्या वर निघाली. हे पुढे जाणे पुष्कळदा अगदी किरकोळ असे. त्याच नोंदींतून दुसरी बाजूही समोर आली: काम मागे पडले की मन जितके खचते, तितके ते पुढे गेल्याने उंचावत नाही. हे लक्षात घेतले तर तुझा गेला महिना समजून घेता येईल. एक फसलेला दिवस तीन बऱ्या दिवसांवर पाणी फिरवू शकतो, आणि त्या तीन दिवसांची नोंदच कुठे नसेल तर त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही.

आता मोठ्या ध्येयाचे लहान तुकडे का करायचे, याविषयी. हा उपदेश तू हजारदा ऐकला असशील आणि ऐकून कंटाळलाही असशील, म्हणून मी एक प्रयोगच सांगतो. १९८१ साली आल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी गणितात कच्च्या असलेल्या काही मुलांना वजाबाकीचे ४२ पानांचे साहित्य सात बैठकींत सोडवायला दिले. काही मुलांना दर बैठकीत सहा पाने करण्याचे सुचवले, काहींना शेवटपर्यंत सगळी ४२ पाने संपवण्याचे सुचवले, आणि काहींपुढे कोणतेच लक्ष्य ठेवले नाही. पाने तीच, गणिते तीच, बैठकीही तितक्याच. सहा-सहा पाने डोळ्यांपुढे ठेवणारी मुले सर्वांत चांगली शिकली आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वासही सर्वांत जास्त वाढला. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की ज्या विषयात ही मुले कच्ची होती त्याच विषयाची त्यांना गोडी लागली. आपण सहसा गोडी हे आपले भांडवल समजतो. या मुलांच्या बाबतीत ती कमाई होती.

परंतु तुकडा कसा पाडायचा, हे कोणी नीट सांगत नाही, आणि गडबड तिथेच होते. तू पत्रात तुझ्या पळण्याचे मोजमाप वेगाने केले आहेस: आज अमुक मिनिटांत इतके अंतर झाले, काल त्याहून लवकर झाले होते, म्हणजे आपण मागे गेलो. वेग हा झोपेवर, हवेवर, आदल्या दिवशीच्या थकव्यावर अवलंबून असतो. त्यातले फारच थोडे तुझ्या हातात असते. वजन उतरवू पाहणारी माणसेही अशीच फसतात. शरीरातील पाण्यामुळे आणि पोटातील अन्नामुळे वजन एका दिवसात एक-दोन किलो इकडेतिकडे सहज होते, आणि तेवढ्यावरून ती रोज सकाळी स्वतःला पास-नापास ठरवत राहतात. रोजच्या नोंदीसाठी असे काहीतरी निवड, जे करणे किंवा न करणे सर्वस्वी तुझ्यावर आहे. या आठवड्यात कितीदा बूट घालून बाहेर पडलास, ही नोंद तुझी आहे. वेग आणि वजन महिन्यातून एकदा, सरासरी काढून पाहण्याच्या गोष्टी आहेत.

भाषेच्या बाबतीत प्रगती दिसणे आणखी अवघड, कारण जितके जास्त यावे तितके न येणारे अधिक स्पष्ट दिसू लागते. माझ्याकडे एक विद्यार्थिनी येत असे. तीही जर्मनच शिकत होती आणि रोज एका कादंबरीचे एकच पान वाचत असे. जो शब्द अडेल त्याच्या खाली ती टोकदार पेन्सिलीने एक बारीक ठिपका देई, अर्थ समासात लिही, आणि ठिपका कधीही खोडत नसे. निम्मे पुस्तक झाल्यावर ती एके दिवशी पुस्तक बंद करून बसली. नामाचे लिंग अजून चुकते, वाक्य संपत आले तरी क्रियापद हाती लागत नाही, मग आपल्याला काय आले, अशी तिची तक्रार होती. मी तिला काही समजावले नाही, पुस्तकाचे पहिले पान उघडायला सांगितले. त्या पानावर ठिपक्यांची इतकी दाटी होती की ओळींच्या खाली करडी रेघ ओढल्यासारखी दिसत होती, समास अर्थांनी भरून वाहत होता, आणि एका शब्दाचा अर्थ तिने तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीनदा लिहिला होता. त्या दिवशी वाचलेल्या पानावर मोजके ठिपके होते. तिने दोन्ही पाने काही वेळ आलटून पालटून पाहिली आणि पुढचे पान वाचायला घेतले. नोंद ठेवायची ती अशी, की काम करता करता ती आपोआप उमटावी. रंगीत तक्ते आणि निरनिराळ्या रकान्यांच्या वह्या यांचा मला, खरे सांगायचे तर, थोडा संशयच येतो. त्या भरण्यातच अर्धी संध्याकाळ संपते.

लहान विजयांतही खोटे विजय असतात, हेही सांगून ठेवतो. येणारे धडे पुन्हा पुन्हा सोडवणे, मोबाइलवरच्या अ‍ॅपमधली साखळी तुटू नये म्हणून झोपण्यापूर्वी डोळे मिटत असताना दोन सोपे प्रश्न उरकणे, अभ्यासाची सामग्री जमवत राहणे, या सगळ्यांतून काही केल्याचे समाधान मिळते आणि ध्येय मात्र होते तिथेच राहते. तपासायची माझी पद्धत सोपी आहे: आज जे केले ते करताना कुठे अडखळायला झाले का, हे पाहावे. महिनाभर कुठेच अडखळलो नाही, तर तुकडा फार लहान किंवा भलत्याच दिशेचा पाडला गेला आहे असे समजावे.

तू आता ज्या जागी उभा आहेस, त्या मधल्या टप्प्याकडे वळतो. उंदीर बोळातून खाद्याकडे धावताना ते जवळ येत जाते तसतसे वेगाने धावतात, असे मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात मांडले. माणसाचेही बरेचसे तसेच असते. शेवट दिसू लागला की पाय आपोआप उचलतात. सुरुवातीलाही जोर असतो, कारण शून्यावरून एकावर गेलेले लगेच जाणवते. मधे मात्र सुरुवातीपासूनचे अंतर इतके झालेले असते की एका पावलाने त्यात भर पडल्यासारखी वाटत नाही, आणि शेवट इतका दूर असतो की एका पावलाने तो जवळ आल्यासारखाही वाटत नाही. पाऊल तेवढेच असते, ते ज्याच्याशी ताडून पाहायचे ते दोन्ही बाजूंनी मोठे झालेले असते. मिंजंग कू आणि आयलेट फिशबाक यांच्या २०१२ सालच्या संशोधनातून यावर एक उपयोगी तोड निघते: झालेले आणि उरलेले यांपैकी जे लहान असेल त्याकडे लक्ष ठेवावे. निम्मे होईपर्यंत किती झाले ते मोजावे, निम्म्यानंतर किती उरले ते मोजावे. याच्या जोडीला मी एवढेच सुचवीन, की वर्षभराचा एक सलग पल्ला ठेवू नकोस. तीन-तीन आठवड्यांचे पल्ले कर आणि प्रत्येकाचा शेवट खराखुरा ठेव, म्हणजे एक गोष्ट पूर्ण वाचून होईल किंवा एक ठरावीक अंतर न थांबता पळून होईल, असा. मधला टप्पा त्यानेही नाहीसा होत नाही, पण तो आठवड्याभराचा होतो, आणि एक आठवडा कोणालाही रेटता येतो.

खाडे झाले म्हणून तू स्वतःला पुष्कळ बोल लावले आहेस. त्याची गरज नाही. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी खाणे, पिणे, व्यायाम यांपैकी एखादी नवी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. २१ दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते त्याला तिथे काही आधार मिळाला नाही. सवय अंगवळणी पडण्याचा काळ साधारण ६६ दिवसांच्या आसपास निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडतो तो चुकलेल्या दिवसाचा आपण जो अर्थ लावतो त्याने. आहाराचे पथ्य पाळणाऱ्या माणसांच्या हातून एकदा पथ्य मोडले की 'आता मोडलेच आहे तर मोडले' म्हणून ती पुढे अधिकच खातात, हे जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी दाखवले आहे. तुझे पळणे तीन आठवडे बंद पडले ते याच रीतीने: पहिला दिवस पावसाने गेला होता, उरलेले त्या पहिल्या दिवसाच्या रागाने गेले.

यावर उपाय आधी करून ठेवावा लागतो, त्या दिवशी सुचत नाही. दोन्ही गोष्टींसाठी एक किमान माप ठरव, जे आजारी नसलेल्या कोणत्याही दिवशी करता येईल: वाचनाचे अर्धे पान, चालण्याची दहा मिनिटे. ते इतके लहान असावे की टाळण्यापेक्षा करणे सोपे पडावे. किमान मापाचा दिवस नोंदीत पूर्ण दिवस म्हणूनच धरायचा, मनात खोट ठेवायची नाही. आणि ते कधी करायचे हे घड्याळाऐवजी रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधून टाक. 'सकाळी तोंड धुऊन झाले की बूट घालायचे' असा, अमुक झाले की तमुक करायचे या घडणीचा संकल्प नुसत्या 'मी रोज पळेन' यापेक्षा अधिक वेळा पार पडतो, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. कारणही उघड आहे: त्या क्षणी ठरवायचे काहीच उरत नाही, आणि थकलेला माणूस हरतो तो बहुधा ठरवण्याच्या क्षणीच.

दोन्ही ध्येये एकाच वेळी सारख्याच जोराने चालवावीत का, याबद्दल तू काही विचारलेले नाहीस, तरी सांगतो: चालवू नकोस. पुढचे तीन महिने एकाला पुरता जोर दे आणि दुसरे किमान मापावर चालू ठेव. कोणते पुढे ठेवायचे ते तुझे तू ठरव.

शेवटी चिकाटीविषयी, कारण माझ्यासारखी माणसे तिचे कौतुक जरा जास्तच करतात. प्रत्येक ध्येय धरूनच ठेवावे असे मी म्हणणार नाही. कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत, आवाक्याबाहेर गेलेली ध्येये सोडून देऊन दुसरीकडे वळू शकणारी माणसे अधिक समाधानी आढळली आहेत. सोडणे हे कमीपणाचे नाही, पण ते वाईट दिवशी सोडू नये. त्या दिवशी माणूस ध्येय सोडत नसतो, त्या दिवसापासून पळत असतो. म्हणून सोडण्याचा विचार करण्यासाठी आजच एक तारीख मुक्रर कर, तीन महिन्यांनंतरची. त्या तारखेपर्यंत 'हे करावे की नाही' हा प्रश्न उघडायचा नाही. त्या दिवशी नोंदी समोर घेऊन बसावे आणि जर्मन अजूनही हवीशी वाटते का, पळणे अजूनही आपले वाटते का, हे शांतपणे पाहावे. नको असे उत्तर आले, तर ते मला बिनदिक्कत लिही. मी त्यावर वाद घालणार नाही.

तारीख आणि दोन्ही किमान मापे एवढ्या तीनच गोष्टी पुढच्या पत्रात कळव. बाकी मजकूर नसला तरी चालेल.

तुझा शुभचिंतक