पायाचं ब्लॉकेज सोनोग्राफीवर बघून काढता येतं का?

प्रश्न : माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो, वय ६८, डायबेटीस २० वर्षांपासून आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) २.८. वर्षभर झालं, थोडं चाललं की पोटरी भरून येते, दोन मिनिटं थांबले की बरं वाटतं. आता चपलेनं अंगठ्याला लागलं, ती जखम दीड महिना भरत नाहीये. एका डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली, किडनीचे डॉक्टर म्हणतात डाय (नसा एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) नको. सोनोग्राफीवर बघून पण करतात असं ऐकलं, ते खरं आहे का? — एक वाचक, कराड

उत्तर : ताई, खरं आहे, करतात. फक्त सगळीकडे होत नाही आणि सगळ्यांना चालत नाही.

नेहमीच्या अँजिओप्लास्टीत (वायरवरून फुगा नेऊन बंद नस उघडणं) एक्स-रेखाली डाय सोडून नस कुठे बंद आहे ते बघतात. या पद्धतीत पायावर डॉप्लर सोनोग्राफीचा प्रोब धरून तेच काम करतात. जांघेत सुई घालण्यापासून वायर ब्लॉकेजच्या पलीकडे जाईपर्यंत सगळं स्क्रीनवर दिसतं, करड्या चित्रात वायर म्हणजे बारीक पांढरी चकचकीत रेघ, आणि फुगा फुगवला की दोन समांतर रेघा. मग डॉप्लर लावला की रक्त पुढे किती वेगानं जातंय ते तिथल्या तिथे कळतं, जे नुसत्या डायच्या फोटोत कळत नाही. डाय नाही, त्यामुळे किडनीवर त्याचा भार नाही, अण्णांसारख्या पेशंटला हाच मोठा फायदा.

पण अडचणी पण ऐका. मांडी आणि गुडघ्यामागची नस छान दिसते, पोटातली, कमरेची नस खोल असते आणि मध्ये आतड्यातला गॅस, म्हणून तिथे ही पद्धत कमी पडते. जुन्या डायबेटीसमध्ये नसांत चुना (कॅल्शियम) साठलेला असतो, त्याची सावली पडून मागचं काही दिसत नाही. आणि प्रोब धरणारा हात मुरलेला हवा. काही ठिकाणी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड गॅस वापरतात, किंवा अगदी थोडा डाय वापरून भागवतात, तेही विचारा.

आधी पायाचा आर्टेरियल डॉप्लर (पायाला रक्त नेणाऱ्या नसांची सोनोग्राफी) करून घ्या, त्याला डाय लागतच नाही. सोबत घोट्याचं बीपी भागिले हाताचं बीपी हा आकडा काढतात, समजा हाताचं १४० आणि घोट्याचं ७० तर ०.५ झालं, आणि ०.९ च्या खाली गेलं की नसा अरुंद झाल्यात असं धरतात. मात्र अण्णांचा आकडा चांगला आला म्हणून गाफील राहू नका, डायबेटीसमध्ये नस कडक होते, बीपीच्या पट्ट्यानं दबतच नाही आणि आकडा खोटा चांगला येतो. म्हणून अंगठ्याचं प्रेशर मोजायला सांगा.

मला खरी काळजी त्या जखमेची वाटते. चालताना पोटरी दुखणं वेगळं, त्याला गोळ्या आणि रोजचं चालणं (दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं) यानं पण बराच फरक पडतो. पण रक्त पोचत नसताना जखम भरत नाही हा पुढचा टप्पा आहे, यात पाय जाऊ शकतो. डाय द्यायचा की नाही या वादात आणखी महिना घालवू नका, व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन) आणि किडनीचे डॉक्टर दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, याच आठवड्यात. रक्त पातळ करायच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मनानं बंद करू नका. अण्णा विडी, तंबाखू किंवा मिश्री घेत असतील तर ती आजपासून बंद, नाहीतर उघडलेली नस परत बंद होते. नंतर पण दर काही महिन्यांनी डॉप्लर लागतोच.

आणि पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका, डायबेटीसमध्ये भाजलेलं कळत नाही. पाय अचानक पांढराफटक, गार, बधिर पडला तर सकाळची वाट बघू नका, त्यात तासांचा हिशोब असतो, लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या.